ह्वेमधली बिननावाची खानावळ : अकराला पोचलात तर पाचपैकी साडेचार, दीडला पोचलात तर शून्य

या खानावळीला नाव नाही. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत ‘कम चाय’ एवढंच, म्हणजे शाकाहारी जेवण, आणि खाली एक मोबाइल नंबर. अशा पाट्या व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात गल्लोगल्ली आहेत, त्यामुळे नकाशात शोधायच्या भानगडीत पडू नका. नदीच्या दक्षिणेला तू दाम पॅगोडा आहे. तिथून नाम जाओच्या चढाला लागायचं आणि अकराच्या सुमाराला ज्या गल्लीच्या तोंडाशी फुटपाथ स्कूटरींनी भरलेला दिसेल तिथे वळायचं. राखाडी झब्ब्यातल्या, पॅगोड्यातून परतणाऱ्या दोन-चार आज्या दिसल्या की पोचलातच.

मी सांगलीची. इथल्या एका जिममध्ये योगासनं शिकवते. व्हिएतनाममध्ये हा आपल्या लोकांचा चांगला रुळलेला धंदा आहे, मोठ्या शहरांत एखादा तरी भारतीय योगशिक्षक भेटतोच. ज्या घरात अंडंसुद्धा कधी शिजलं नाही त्या घरातली मुलगी इथे राहते म्हटल्यावर सांगलीहून येणारा प्रत्येक फोन ‘अगं, खातेस काय तू?’ इथूनच सुरू होतो. हे परीक्षण म्हणजे त्या सगळ्या फोनांना एकगठ्ठा उत्तर. शिवाय दा नांगला उतरून, शंभरेक किलोमीटर गाडीने येऊन ह्वेला धावती भेट देणारे आणि बरोबरचे ठेपले संपले की मला मेसेज टाकणारे पाहुणे आहेत, त्यांच्यासाठीही.

आधी अडचण सांगते, म्हणजे या जागेचं मोल कळेल. ह्वेचं नाव काढलं की व्हिएतनामी माणसाला आठवतं ते बुन बो, गोमांसाच्या रश्शातल्या तांदळाच्या शेवया. त्या रश्शात माम रुओक घालतात, म्हणजे आंबवलेल्या जवळ्याचा लगदा. ‘मांस नको’ असं सांगितलंत तर बाई हसून मान डोलावतील, तुकडे तेवढे बाजूला काढतील आणि तोच रस्सा प्रेमाने पुढे ठेवतील. त्यांच्या दृष्टीने मांस गेलं, विषय संपला. साध्या पालेभाजीतही नुओक माम, म्हणजे आंबवलेल्या माशांचं पाणी, मीठ टाकावं इतक्या सहज पडतं. बान बेओ ही इवल्याशा वाटीत उकडलेली तांदळाच्या पिठाची नाजूक चकती दिसायला किती सात्त्विक, पण वर सुक्या कोळंबीचा भुगा पेरलेला. बरं, निदान गोडाने तरी दगा देऊ नये? ‘चे’ नावाचं पातळ गोड इथे फार छान मिळतं, कमळबियांचं, मक्याचं, वालाचं. पण त्यातलाच एक प्रकार असा की साखरेच्या पाकात काचेसारख्या गोळ्या तरंगतात आणि गोळीच्या पोटात भाजलेलं डुकराचं मांस. हा ह्वेचाच खास पदार्थ. तेव्हा रस्त्यावर चे खाताना पेल्याकडे बोट दाखवण्याआधी दोनदा बघा.

चाय, म्हणजे शाकाहारी, म्हटलं की हे सगळं एकदम बाद होतं, मांस, मासे, नुओक माम, माम रुओक, काहीच उरत नाही. ‘थोडं चिकन चालेल का?’ असलं कोणी विचारत नाही. इथल्या बौद्ध घरांत महिन्याचे ठरावीक दिवस सगळेच चाय जेवतात, त्यामुळे शाकाहार हा परदेशी बाईचा नखरा ठरत नाही. ह्वे १८०२ ते १९४५ न्गुयेन घराण्याची राजधानी होतं, शहरात आणि आसपास शंभराहून जास्त पॅगोडे आहेत. ही गल्ली ज्या चढावर आहे त्याच्या टोकाच्या नाम जाओ यज्ञवेदीवर बादशहा स्वतः आकाशपूजेला येई, आणि त्याआधी शेजारच्या त्राय कुंग वाड्यात राहून व्रत पाळत असे. म्हणजे या रस्त्याला पथ्याचं जेवण नवीन नाही.

आता प्रत्यक्ष जेवण. काचेच्या कपाटात स्टीलचे चौकोनी ट्रे, बारा-पंधरा तरी. ताटलीत आधी भाताची मूद पडते, मग तुम्ही बोट दाखवाल तसतसे चार-पाच पदार्थ. हे वीस हजार डोंगांना. हजार ऐकून दचकू नका, साधारण तीनशे डोंगांचा एक रुपया धरा, म्हणजे सत्तरच्या आत. बरोबर सूपचा वाडगा आणि बर्फ घातलेला पातळ, बिनसाखरेचा चहा, त्यांचे वेगळे पैसे नाहीत. बोट दाखवताना काहीही विचारावं लागत नाही, वास घ्यावा लागत नाही, फोनवरचं भाषांतर कोणाच्या नाकासमोर धरावं लागत नाही. परदेशात राहणाऱ्या कुठल्याही शाकाहारी माणसाला विचारा, ही केवढी चैन आहे ते.

नक्की घ्यावं असं म्हणजे मित त्रोन. कोवळा फणस उकडून त्याचे धागे सुटे करतात, त्यात भाजलेले शेंगदाणे, तीळ, राउ राम नावाचा उग्र वासाचा पाला आणि मिरची घालून कालवतात. तिळाचा जाडसर तांदळाचा पापड सोबत येतो, तो मोडायचा आणि त्यानेच उचलून खायचं. माझी रत्नागिरीची एक मैत्रीण आली होती, तिने ‘ही तर आमची कुयरी’ म्हणत भात सोडून तेवढंच खाल्लं. दुसरं, वा. हे उंबराच्या कुळातलं लिंबाहून मोठं फळ, ह्वेबाहेर सहसा दिसत नाही. उकडून पातळ काप करतात, चव तुरट, खोबऱ्यासारखा हलका चावा. पहिल्या घासाला कळत नाही आवडलं की नाही, तिसऱ्याला कळतं. केळफूलही असतं, आणि रोज न चुकता नाळीची भाजी. आपल्याकडे तळ्याकाठी उगवते म्हणून नाक मुरडतात तीच. इथे तिच्याशिवाय कोणाचं पान हलत नाही.

टोफूला देशभर वेगळं नाव असलं तरी ह्वेचे लोक त्याला दाउ ख्वोन म्हणतात. इथला सगळ्यात चांगला पदार्थ हाच, गवती चहा आणि मिरचीतला. तो कसा करतात ते मागच्या चुलीपाशी उभं राहून पाहण्यासारखं आहे. गवती चहाचे फक्त खालचे पांढरे देठ घेतात. आधी सुरीच्या चपट्या बाजूने चेचतात, मग इतके बारीक चिरतात की रव्यासारखा ढीग होतो. तो तेलात मंद आचेवर सोनेरी होईपर्यंत परततात, त्यात ठेचलेली लाल मिरची, आणि मगच तळलेला टोफू. प्रत्येक तुकड्याला तो कुरकुरीत भुगा चिकटून येतो. हिरवी पात मात्र बाजूला पडलेली असते. आपण तिचाच चहा करतो असं मी सांगितलं तेव्हा चुलीपाशी हशा पिकला.

कांदा-लसूण नाही. कडक चायमध्ये ते वर्ज्यच. फोडणीला बोआरो नावाची जाड पात असते, आणि ती कांद्याचीच सख्खी बहीण आहे. भिक्षूंना ती चालते की नाही यावर इथेही वाद ऐकलाय. चातुर्मास पाळणाऱ्यांनी आपापलं बघावं.

आणि हो, खोटं मांस. पहिल्यांदा येणारा मराठी शाकाहारी माणूस काउंटरपाशी येऊन पांढराफटक पडतो, कारण समोर कोळंबी दिसते, माशाचा तुकडा दिसतो, हाडासकट तंगडी दिसते. सगळं गव्हाच्या चिकापासून किंवा सोयाच्या सायीपासून केलेलं. तंगडीचं ‘हाड’ म्हणजे गवती चहाचा देठ. माशाला तर समुद्री शेवाळाचा पापुद्रा लावून काळी कातडीही देतात. कौशल्य आहे यात शंका नाही. पण ज्याने आयुष्यात मासा खाल्ला नाही त्याला माशाच्या नकलेचं कौतुक काय? मी त्या बाजूच्या ट्रेकडे बोट नेत नाही. माझा भाऊ बाहेर सगळं खातो, त्याला मात्र ती तंगडी इतकी आवडली की परत जाताना पॅक करून घेतली.

टेबलावर दोन बरण्या असतात. एकीत मुओई मे, भरडलेले तीळ-शेंगदाणे आणि मीठ. सोलापूरकडच्या शेंगदाणा चटणीतली मिरची-लसूण काढून टाकली तर उरेल ते. भातावर चमचाभर आणि बाकी काही नसलं तरी चालतं. दुसरीत सोया सॉसमध्ये बुडवलेल्या मिरच्या. ह्वेचं जेवण व्हिएतनामभर तिखट म्हणून ओळखलं जातं आणि ती ख्याती खरी आहे. सायगावहून आलेली माझी सहकारी या बरणीला हात लावत नाही.

मालकीणबाई पन्नाशीच्या असतील. इथे त्या वयाच्या बाईला ‘ओ’ म्हणतात, आत्याच्या नात्याने, आणि त्या आपल्याला ‘कोन’ म्हणतात, लेकरू. मागे पाटावर बसून पाला निवडणाऱ्या त्यांच्या आई म्हणजे ‘मे’, सगळ्या गल्लीची आजी. कोणाला काय म्हणायचं ते वयावर ठरत असल्यामुळे पहिल्याच भेटीत वय विचारतात. मग लग्न झालंय का, नवरा कुठे असतो, पगार किती, खोलीभाडं किती. सांगलीत वाढलेल्या मुलीला यात नवीन असं काही नव्हतं. पण पुणेकर पाहुण्यांना मी आधीच सांगून ठेवते.

बाईंचा चोखपणा सांगायलाच हवा. वीस हजाराची नोट निळी आणि पाच लाखांची नोटही निळी, हा व्हिएतनाममधला जुना सापळा. माझ्याकडे आलेल्या एका काकांनी जेवणाचे म्हणून पाच लाखांची नोट ठेवली आणि निघाले. ओ गल्लीच्या तोंडापर्यंत अनवाणी धावत आल्या, नोट हातात कोंबली, काकांना मनसोक्त रागावल्या आणि मग त्यांच्याकडून वीस हजार घेतले. काकांना शब्द एकही कळला नाही, अर्थ पूर्ण कळला.

चांद्रमासाचा पहिला दिवस आणि पंधरावा दिवस हे इथले ठरलेले चायचे दिवस. त्या दिवशी ही खानावळ ओळखू येत नाही. भिंतीवर रोज पान फाडायचं कॅलेंडर आहे, त्यावर इंग्रजी तारखेखाली चांद्र तारीख असते. मला ते बघावं लागत नाही, आईने पाठवलेल्या कालनिर्णयात पौर्णिमा पाहिली की आदल्या-पुढच्या दिवसात गर्दी ठरलेली. ट्रे वाढतात, ताट पंचवीस हजार होतं, बसायला जागा नाही, अर्धी गल्ली पार्सलला उभी. समोरची बुन बो विकणारी बाईसुद्धा त्या दिवशी इकडेच जेवायला येते. एरवी तिच्या पातेल्याच्या वासाने मी पलीकडच्या कडेने चालते, पण त्या दिवशी आम्ही एकाच टेबलावर असतो. सातव्या महिन्याच्या पौर्णिमेला वू लान असतो, आईवडिलांच्या ऋणाचा दिवस. आई हयात असेल त्याच्या छातीवर लाल गुलाब, नसेल त्याच्या छातीवर पांढरा. मे मागे पाला निवडत होत्या आणि ओ छातीवर लाल फूल लावून वाढत होत्या. रांगेतल्या प्रत्येकाला विचारून त्या टोपलीतलं फूल देत होत्या. मला न विचारताच लाल दिलं, माझ्या आईचे व्हिडिओ कॉल त्यांनी इथेच बसून ऐकलेले आहेत.

तक्रारी आहेत, आणि लहान नाहीत. पहिली म्हणजे भात सोडला तर काहीही गरम नसतं. सकाळी रांधलेलं ट्रेमध्ये मांडतात आणि ते तसंच थंड होत राहतं. इथल्या कोणालाही त्याचं काही वाटत नाही, आपल्या जिभेला वाटतं. म्हणून अकराच्या आत जा, तेव्हा टोफू नुकताच उतरलेला असतो. दुसरी, साखर. रस्साभाजीत साखर, मशरूमच्या सुक्यात साखर, काही दिवस तर हात इतका सैल सुटलेला असतो की जेवणानंतर गोड खायची इच्छाच मरते. अजिनोमोटोही भरपूर. ‘घालू नका’ म्हटलं तर ओ ‘बरं’ म्हणतात, पण शिजवून ठेवलेल्यातून तो काढणार कसा? तिसरी, सूप. पालकासारखा पाला घातलेलं कोमट पाणी, एवढंच म्हणेन. डाळ हा प्रकारच नाही, आणि वरणाशिवाय भात गिळायचा ही सवय लागायला वेळ लागतो. चौथी, बसायची स्टुलं. लाल प्लॅस्टिकची, वीतभर उंच. मी दिवसभर लोकांना मलासनात बसवते, माझी हरकत नाही, पण गुडघेदुखीचे आईवडील बरोबर असतील तर इथे आणू नका. नदीकाठच्या पर्यटकी भागात इंग्रजी मेनूची, पाठीला टेकू देणाऱ्या खुर्च्यांची शाकाहारी रेस्टॉरंटं आहेत. कमळाच्या पानात बांधलेला भात, मातीच्या भांड्यातलं मशरूम, सगळं देखणं. दर तिप्पट-चौपट, चव बेताची, पण बाकी सोय आहे. त्यांनी तिकडे जावं.

वेळेचं मात्र कडक आहे, आणि शून्य गुण मी त्यालाच दिलेत. इथे माणसं अकराला जेवतात. बाराला निम्मे ट्रे रिकामे, साडेबाराला उरलंसुरलं, एकला शटर अर्धं खाली आणि ओ मागच्या झोळीत गाढ झोपलेल्या. आपले पाहुणे राजवाडा बघून, थिएन मू पॅगोडा बघून, फोटो काढून दीडला भुकेजून येतात. शटर ठोठावू नका, कोणी उठणार नाही, आणि उठू पण नये. संध्याकाळी साडेचारला पुन्हा उघडतं, पण तेव्हा सहा-सात ट्रे आणि दुपारच्या भाताचा परतलेला भात. खरं सांगायचं तर सकाळी सहा ते आठमधलं बुन चाय या संध्याकाळपेक्षा कितीतरी बरं. शेवया, मशरूमचा रस्सा, वर हिरवा पाला आणि लिंबू. हे तरी वाफाळतं मिळतं.

पैसे रोख ठेवा. भिंतीवर क्यूआर कोड आहे आणि स्थानिक लोक त्यावरच देतात, पण तुमच्या मोबाइलमधलं भारतीय ॲप तिथे चालेल या भरवशावर येऊ नका. पाच लाखांची नोट सकाळी सकाळी मोडायला दिलीत तर ओ कशा रागावतात ते मी वर लिहिलंच आहे.

पावसाळ्यात येणाऱ्यांसाठी वेगळं सांगते. इथला जोराचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आपल्याकडे दिवाळी असते तेव्हा. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तर कहरच झाला, बाख मा डोंगरावर चोवीस तासांत १७०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला आणि ह्वे पाण्याखाली गेलं. आयर्विन पुलाजवळची पातळी किती फूट झाली हे विचारत लहानाची मोठी झालेली मी, २०१९ ची सांगली पाहिलेली. तरी इथल्या लोकांची सवय बघून थक्क झाले. काचेचं कपाट दोरीने वर टांगलेलं, तांदळाची पोती माळ्यावर, स्कूटर उंचावरच्या शेजाऱ्याकडे, आणि हे सगळं कोणाचाही आवाज न चढता. पाणी उतरलं तशी ओ आणि त्यांचा मुलगा ओसरत्या पाण्यानेच चिखल ढकलून बाहेर काढत होते, म्हणजे तो वाळून घट्ट बसत नाही. पुन्हा उघडलं तेव्हा पहिले काही दिवस भात, टोफू आणि मुओई मे एवढंच होतं. पालेभाज्या महाग झाल्या होत्या, ताट वीस हजारांचंच ठेवलं. पौर्णिमेला पाच हजार वाढवतात म्हणून मी कुरकुरत असे, ती त्यानंतर बंद केली.

तेटला, म्हणजे त्यांच्या नव्या वर्षाला, जानेवारी-फेब्रुवारीत, खानावळ आठवडाभर बंद असते आणि आसपासही फार काही उघडं नसतं. त्या आठवड्यात ह्वेला येणार असाल तर आधी डोंग बा बाजारात जाऊन सोललेली मूगडाळ घेऊन ठेवा. आपल्यासारखीच पिवळी, कुठल्याही किराणा गाळ्यात मिळते, ओली हळद आणि शेंगदाणेही तिथेच. हिंग-मोहरी मात्र घरून आणा. साबुदाणा म्हणून जे बारीक मोती मिळतात ते चेमध्ये घालायचे असतात, त्यांची खिचडी करायला जाऊ नका, खळ होते.

पार्सल हवं असेल तर स्वतःचा स्टीलचा डबा न्या. ओ तो नुसता भरत नाहीत, झाकण बसेना म्हणून वरून दाबतात, आणि भाताचे वेगळे पैसे घेत नाहीत. डबा नसेल तर थर्माकोलच्या खोक्यात बांधून देतात, सूप प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून. ते हँडलला अडकवून नेताना खड्डे बघून चालवा.